सात नंबरचा नियम

१

सोमवारी सकाळी उपकेंद्रातल्या रोपांच्या खोलीचं दार उघडलं आणि आतून भट्टीची झळ बाहेर आली. एसी बंद पडलेला, दिवे मात्र सगळे लख्ख चालू. मांडण्यांवर सहा हजार काचेच्या बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीतलं बोटभर रोप तपकिरी पडून आडवं झालेलं. ज्या झाडाची ती रोपं होती ते झाड रानात आता उरलेलं नाही. सात वर्षं खपून वाढवलेली रोपं मरायला एक रविवार पुरला.

मला हे ताईंनी फोनवर सांगितलं. ताई म्हणजे संस्थेच्या मुख्य कार्यालयातल्या संगणक विभागाच्या प्रमुख. सख्ख्या बहिणीला मी नावानं हाक मारते आणि यांना ताई म्हणते, यातच काय ते आलं. या कामातली बाराखडी मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिकले.

"अगं, जमेल तेवढ्या लवकर ये," ताई म्हणाल्या. "सगळं खापर ऑपरेटरवर फुटतंय."

"आणि चूक कुणाची आहे?"

"ते तू शोध," ताई म्हणाल्या. "सर्व्हर तूच बसवलायस ना?"

बसवला होता खरा, चार वर्षांपूर्वी. लॉग सर्व्हर म्हणजे दारावरचा वहीवाला. संस्थेतलं प्रत्येक यंत्र, एसी असो, प्रिंटर असो, नाहीतर संगणकांच्या तारा जोडायची पेटी असो, आपल्याला काय झालं ते एका ओळीत त्याला कळवतं. तो ते लिहून घेतो. पण नुसतं लिहून काय उपयोग? म्हणून त्याला नियम घालून द्यायचे असतात, की अमुक ओळ आली तर तमक्याला उठव. रोपांच्या खोलीचं तापमान तिशीच्या वर गेलं की ऑपरेटरचा फोन वाजला पाहिजे आणि तो उचलेपर्यंत वाजत राहिला पाहिजे, हा नियम मी स्वतः घातला होता.

रविवारी तो फोन वाजलाच नाही, असं ऑपरेटर म्हणत होता. संचालकांचा त्यावर विश्वास नव्हता.

"रविवारी तो मावसभावाच्या लग्नात होता," संचालक मला म्हणाले. "तिथे गाणीबजावणी. फोन वाजला असणार, यानं ऐकला नसणार. मग नोंद पुसून टाकली. सरळ आहे."

"सरळ असतं तर मला कशाला बोलावलंत?"

"मी नाही, ताईंनी बोलावलंय. शुक्रवारी समिती बसतेय, तोपर्यंत तो निलंबित आहे. तोवर दुसरं काही निघालं नाही, तर तो कायमचा घरी जाईल."

मी सर्व्हर उघडला आणि रविवारच्या नोंदी पाहिल्या. दुपारी बारा सत्तेचाळीस: रोपांची खोली, तापमान एकतीस. त्यानंतर दर पाच मिनिटांनी तीच ओळ, आकडा वाढत वाढत शेहेचाळीसपर्यंत गेलेला. म्हणजे खोलीनं हाका मारल्या होत्या आणि सर्व्हरनं त्या ऐकल्याही होत्या. मधेच कुणीतरी त्या अडवल्या होत्या.

२

ऑपरेटरला सगळे बगळा म्हणतात. पडद्यासमोर तो तासन्तास मान न हलवता बसतो म्हणून. तो मला कार्यालयामागच्या बागेत बाकावर भेटला, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन.

"घरी सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "रोज वेळेवर निघतो आणि इथे येऊन बसतो. बायको डबा भरून देते. आता तो खायचा की नाही, तेच कळत नाही."

"खा. उपाशी राहून निर्दोष ठरत नाही कुणी."

तो कसनुसं हसला. मी विचारलं, "त्या रविवारच्या आधी काही वेगळं वाटलं होतं का? काहीही."

"शांतता," तो म्हणाला. "उपकेंद्राकडून काहीच येत नव्हतं. त्यांचा एक प्रिंटर आहे, कागद संपला म्हणून दिवसातून चारदा बोंबलतो. तोसुद्धा गप्प."

"किती दिवस?"

"आदल्या आठवड्यातल्या गुरुवारपासून. रविवार धरून अकरा दिवस."

"आणि तू कुणाला बोलला नाहीस?"

"मॅडम, रोपडॉक्टरांनीच तक्रार केली होती, फालतू सूचना बंद करा म्हणून." रोपडॉक्टर म्हणजे उपकेंद्राचे प्रमुख. रोपं त्यांचीच. "मला वाटलं, ताईंनी ते काम केलं. बरंच वाटलं मला."

त्याचा मला राग आला आणि कीवही आली. शांतता झाली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. आमच्या कामात खरं तर तेव्हाच उठून बघायला हवं. पण एवढं नक्की झालं होतं, की रविवारी फोन वाजणं शक्यच नव्हतं. त्याचा गळा त्या गुरुवारीच कुणीतरी दाबला होता.

३

नियमांची यादी मी पडद्यावर काढली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ.

सात नव्हताच.

हे सॉफ्टवेअर एक नियम पुसला तर त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाही. बदलांच्या वहीत तीनच शब्द होते: नियम सात काढला. वेळ सोमवारी सकाळी आठ पन्नास, म्हणजे रोपडॉक्टरांनी खोली उघडल्यानंतर वीस मिनिटांनी. कुणी काढला? तर 'मुख्य खातं'. आणि या मुख्य खात्याचा पासवर्ड तिघांकडे होता: बगळ्याकडे, ताईंकडे आणि रोपडॉक्टरांकडे. तिघांना तीन खाती करा म्हणून मी चार वर्षं कंठशोष करतेय. सगळे माना डोलावतात आणि पडद्याच्या कडेला तोच पासवर्ड चिकटवून ठेवतात. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला.

सात नंबरच्या नियमात काय लिहिलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. पण प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या नियमानं हाताळली त्याचा आकडा असतो. चोर दिसला नाही तरी त्याच्या पावलांवरून उंची काढता येते. ज्या ज्या ओळीपुढे सात होता, त्या सगळ्या मी बाहेर काढल्या.

जवळजवळ दोन वर्षांच्या ओळी निघाल्या. कामाच्या प्रत्येक दिवशी एकच ओळ, सकाळी सव्वानऊ ते पावणेदहाच्या मधे: उपकेंद्र, पोर्ट चौदा, जोडला गेला. म्हणजे चौदा नंबरच्या तारेच्या टोकाला असलेला संगणक कुणीतरी चालू केला. रविवारी ओळ नाही, सुट्टीला नाही. मग त्या अकरा दिवसांच्या आधीच्या सोमवारी ती आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. आणि गुरुवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी सात नंबरच्या नियमानं एकदम उपकेंद्राच्या सगळ्याच ओळी गिळायला सुरुवात केली. प्रिंटरच्या, दिव्यांच्या, रोपांच्या खोलीच्या. सगळ्या.

या नियमांना एक खूण करता येते: इथेच थांब. ती केली की ओळ त्या नियमापाशी संपते, खालचे नियम ती पाहत नाहीत. नियम सर्वांत वर ठेवून कुणीतरी ती खूण केली होती. एका ओळीपुरता नियम होता तोवर त्याचा कुणाला त्रास नव्हता. मग तो उपकेंद्राएवढा रुंद केला, आणि खूण काढायची राहून गेली.

घातपात करणारा असा वागत नाही. हे कुणीतरी घाईत केलं होतं, जीव कासावीस झालेला असताना. पण चौदा नंबरच्या टेबलाशी बसतं तरी कोण?

४

"कोण म्हणजे? आमचा नकाशेवाला," रोपडॉक्टर फोनवर डाफरले. "उंच, अबोल मुलगा. प्रकल्पावर बाहेरून आलाय. कोणतं झाड कुठे होतं त्याचे नकाशे करतो. तुम्ही माझी रोपं कुणी मारली ते शोधताय की माझी माणसं मोजताय?"

"दोन्ही. तो अजून तिथेच बसतो?"

"छे! महिन्याच्या सुरुवातीला वरच्या मजल्यावर हलवला. तो सोमवार होता. नवी खोली, नवा संगणक."

"डॉक्टर, रागावू नका, पण तुमचे लोक उशिरा येतात ही तुमची जुनी तक्रार. त्यांच्यावर नजर ठेवायला तुम्ही सर्व्हरवर काही लावलं होतं का?"

तिकडे फटाका फुटला. "मला सर्व्हर कशाला लागतोय! मी दारातच बसतो, बाई. कोण कधी येतं आणि कधी सटकतं, मिनिटावर सांगतो तुम्हाला." मग आवाज एकदम खाली आला. "सात वर्षं हो. घरच्यांनी माझं तोंड पाहिलं नसेल इतकं या बाटल्यांनी पाहिलंय. सोमवारी मी त्यातल्या एकेकीला हात लावून बघितलं."

"या नकाशेवाल्याच्या घरी कोण असतं?" मी हळू आवाजात विचारलं.

"विचारलं होतं मी. सुट्टीत घरी जात नाही म्हणून. कुणी आहे का घरी, म्हटलं. 'आहे' म्हणाला आणि उठून गेला."

फोन ठेवला तेव्हा मला उत्तर मिळालं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं उत्तर चुकीचं निघावं असं मला मनापासून वाटत होतं.

५

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी ताईंच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ताई खिडकीशी चष्मा पुसत होत्या. स्वच्छ झालेली काच पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"ताई, मी बोलते, तुम्ही ऐका. चुकलं तर थांबवा."

त्यांनी मान हलवली.

"एका माणसाचा संगणक सकाळी सुरू झाला की कुणाला तरी कळत होतं. आधी मला वाटलं, साहेबाची हजेरी. पण हजेरी घेणारा सगळ्यांची घेतो, आणि जाण्याची वेळही बघतो. या नियमाला संगणक बंद झाल्याची ओळ नको होती, फक्त जोडला गेल्याची हवी होती. माणूस कधी गेला याच्याशी देणंघेणं नाही. तो आला, धड आहे, एवढंच पाहिजे. साहेबाचं एवढ्यावर भागत नाही."

ताईंचा हात थांबला.

"त्या मुलाची जागा बदलली. रोपडॉक्टर तिथेच असतात, त्यांना नवी जागा माहीत होती. नियम रुंद करणाऱ्याला माहीत नव्हती. तीन दिवस त्यानं कळ काढली, चौथ्या दिवशी धीर सुटला आणि त्यानं उपकेंद्राचं सगळंच मागवलं. एक फोन करून विचारता आलं असतं. पण विचारलं नाही, कारण विचारायची सोय नव्हती. मग पासवर्डवाले उरले दोघे. त्यातल्या बगळ्यापासून तर तो नियम लपवलेला होता. 'इथेच थांब' ही खूण त्याच्या पडद्यावर काही दिसू नये म्हणूनच केलेली. स्वतःपासून कुणी लपवत नाही."

"म्हणजे मी उरले," ताई म्हणाल्या.

"तुम्ही उरलात. तुमचा मुलगा बाहेरगावी असतो, एवढंच मला माहीत होतं. कुठे ते तुम्ही कधी सांगितलं नाही."

ताई खुर्चीत बसल्या. रडल्या नाहीत. इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"त्याचे बाबा दवाखान्यात होते तेव्हा त्याची शेवटची परीक्षा चालू होती. हे म्हणाले, त्याला आत्ता कळवू नको, पेपर होऊ देत. मी कळवलं नाही. रोज फोनवर सांगायचे, सगळं ठीक आहे. दोन पेपर राहिले होते आणि हे गेले. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. मला एवढंच म्हणाला, 'तुझं कामच लोकांना वेळेवर कळवायचं आहे ना?' त्यानंतर बोलला नाही. फोन केला की उचलायचा नाही. मग मीच करेनाशी झाले."

"आणि नियम?"

"तो उपकेंद्रात आलाय हे मला प्रकल्पाच्या यादीत दिसलं. लहानपणी शाळेत जाताना मी त्याला म्हणायचे, पोचलास की ऑफिसात फोन कर. शिपायाच्या टेबलावरून करायचा, 'आई, पोचलो' म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. तेवढंच हवं होतं गं मला. सकाळी फोन एकदा टुंग वाजायचा. पोचला. की मी कामाला लागायचे."

"आणि त्या रविवारी?"

"सगळ्या ओळी माझ्याच फोनवर आल्या. पण रविवारी तो येत नाही. रविवारी तो आवाज मी बंद करून ठेवते, नाहीतर दिवसभर कान तिकडेच लागतात. घर खायला उठतं." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "सोमवारी रोपडॉक्टरांचा फोन आला आणि मी पाहिलं. दोनशेच्या वर ओळी होत्या. मी घाबरले आणि नियम पुसून टाकला. मग त्या ऑपरेटरला घरी पाठवलं, आणि मला तोंड उघडता येईना. उघडलं तर सगळं लेखी जाणार. उपकेंद्रातही जाणार. आई आपल्यावर पाळत ठेवते, हे त्याला अहवालातून कळणार. मग तो तिथूनही जाईल आणि कुठे गेला ते मला कधी कळणार नाही."

"म्हणून मला बोलावलंत?"

"तू विचारल्याशिवाय राहणार नाहीस, हे माहीत होतं मला."

मला त्यांचा भयंकर राग आला होता. बागेत डबा घेऊन बसलेला बगळा डोळ्यांपुढून हलत नव्हता. आणि त्यांना घट्ट मिठी मारावी असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. "उद्या समितीपुढे मी बोलू की तुम्ही?" मी विचारलं.

ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "एकदा कळवायचं ते कळवलं नाही, त्यात मुलगा गेला. आता पुन्हा नको. मी बोलते."

६

शुक्रवारी ताई समितीपुढे उभ्या राहिल्या आणि काहीही न वगळता सगळं बोलल्या. अहवालही त्यांनीच लिहिला. चौकशी करणारी म्हणून खाली माझं नाव आणि नंबर होता. 'नियम लावण्याचं कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: माझा मुलगा तिथे काम करतो, तो सुखरूप आला एवढं मला कळावं म्हणून. संचालकांनी ते वाक्य काढायला सुचवलं. ताई नाही म्हणाल्या.

बगळा सोमवारी कामावर रुजू झाला. ताईंकडून विभाग काढून घेतला. निवृत्तीला आठ महिने उरलेत, तोवर त्यांना ग्रंथालयात बसवलं. एवढ्या मोठ्या नुकसानीला ही शिक्षा कमीच, असं रोपडॉक्टर म्हणाले आणि मला त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही. एका खोऱ्यात तसं एक झाड पाहिल्याचं कुणी तरी त्यांना कळवलंय. बघायला निघालोय, म्हणाले.

मंगळवारी दुपारी मी तिघांची तीन खाती करत बसले होते. ताईंच्या जागी कुणाला नेमलंय ते अजून मला सांगितलेलं नव्हतं, म्हणून तिसरं खातं बिननावाचं ठेवलं. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अहवालावर तुमचा नंबर होता," पलीकडचा आवाज म्हणाला. "मी उपकेंद्रातून बोलतोय. नकाशांचं काम करतो."

मी हातातलं काम सोडलं.

"दोन वर्षं?" त्यानं विचारलं. "रोज?"

"रोज. रविवार सोडून."

"आणि मी सोमवारी दिसलो नाही, तेव्हा?"

"तीन दिवस वाट पाहिली त्यांनी. मग सगळंच मागवलं. त्यातला तू कुठला, ते त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. बहुतेक बावीस नंबरची तार, म्हणत होत्या."

"बावीसच," तो म्हणाला. मागे कुठेतरी तो प्रिंटर घरघरत होता.

मला राहवलं नाही. "रागावला असशील तर मला समजतं. पण एक विचारू? ते उपकेंद्र त्यांच्याच संस्थेचं आहे, हे तुला तिथे जाताना माहीत नव्हतं?"

"माहीत होतं म्हणूनच तर आलो," तो म्हणाला. "वाटलं होतं, कधीतरी आई कामासाठी इथे येईल. मग बोलावंच लागेल दोघांना. तिचा नंबर द्याल? मी फोनमधून काढून टाकला होता."

मी नंबर सांगायला लागले. तो एकेक आकडा माझ्यामागून म्हणत होता. शेवटचे चार मी सांगायच्या आधी त्यानंच म्हटले.

फोन ठेवल्यावर मी पाच मिनिटं कशीबशी कळ काढली आणि ताईंचा नंबर लावला. त्यांना आधी सावध करावं, असं मनात होतं. व्यस्त लागला. दहा मिनिटांनी पुन्हा लावला, तेव्हाही व्यस्त. मी बगळ्याचं खातं पूर्ण केलं, रोपांच्या खोलीचा नियम नव्यानं घातला, तो दोनदा तपासला आणि घरी जायची वेळ झाली तेव्हा परत लावून पाहिला. अजून व्यस्तच होता.